तुम्ही विचारलंत म्हणून: खोटी गोळी देताना काही वाटत नाही का?

हार्टच्या औषधांच्या ट्रायलमध्ये, म्हणजे नवीन औषध लोकांवर तपासून बघतात तिथे, कोऑर्डिनेटर आहे असं सांगितलं की पाच मिनिटांच्या आत येतोच हा प्रश्न. "म्हणजे अर्ध्या लोकांना तुम्ही साखरेची गोळी देता? आणि काही वाटत नाही?" बारा वर्षं झाली. आधी मी नीट समजावून सांगायचे, मग हसून विषय बदलायला लागले, मधे एकदा नात्यातल्याच एकांवर चक्क खेकसले की तुमची बीपीची गोळी काय आभाळातून पडली का. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीने, मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे ती, हेच इतकं सरळ विचारलं, टोमणा नाही काही नाही, की म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

तर, वाटतं. पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही.

आधी भांडून घेते. "खोटी" हा शब्दच मला टोचतो. मी ज्या ट्रायल्सवर काम केलं त्यात कुणाची चालू औषधं काढून घेऊन त्या जागी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, दिलेला नाही. स्टेंट पडल्यावर जी रोजची औषधं असतात ती दोन्ही गटांना तशीच चालू, आणि वर एक जास्तीची डबी, जिच्यात औषध आहे का नाही हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरला नाही, मला नाही. कन्सेंटच्या कागदात हे लिहिलेलं असतं, मी ते बसून वाचून दाखवते, सही नंतर. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, तर ती फसवणूक. इथे आम्ही सगळेच अंधारात बसलेले असतो.

आणि तुम्ही आधीच धरून चाललेले असता की नवीन गोळी म्हणजे चांगली गोळी, ज्याला मिळाली नाही तो बिचारा. १९८० च्या दशकात हार्ट अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्या लोकांना ते चुकलेले ठोके दाबणाऱ्या गोळ्या दिल्या जायच्या. हिशेब सोपा होता: ठोके चुकणारी माणसं जास्त दगावतात, गोळीने ठोके सुधारतात, मग गोळीने माणसं वाचणारच. इतकं उघड होतं की प्लासिबो देणं म्हणजे अन्याय असं म्हणणारे डॉक्टर होते. तरी कास्ट नावाची ट्रायल झाली, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडची. ७५५ लोकांना औषध, ७४३ लोकांना प्लासिबो, सरासरी दहा महिने. औषधवाल्यांत ६३ मृत्यू, प्लासिबोवाल्यांत २६. १९८९ मध्ये या दोन गोळ्यांचा भाग मधेच थांबवावा लागला. ईसीजी सुंदर येत होते आणि माणसं जात होती. बिचारा कोण यातला, सांगा.

सोयीचं उदाहरण दिलं म्हणाल. हो, दिलं. मग गैरसोयीचंही घ्या. १९९४ ची फोर-एस ट्रायल, सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळीची, ४४४४ लोक, पाच वर्षांहून जास्त. प्लासिबोवर २५६ मृत्यू, औषधावर १८२. म्हणजे इथे प्लासिबोवाले हरले, सरळ हरले, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या घरच्यांनी मला येऊन विचारलं की का, तर त्यांना कास्टची गोष्ट सांगून काय उपयोग आहे? ट्रायल सुरू करताना माहीत नव्हतं हे उत्तर खरं आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. आज ज्यांना ज्यांना स्टॅटिन चालू आहे ते सगळे त्या २२२३ प्लासिबोवाल्यांच्या जिवावर गोळी खातायत, एवढं मला कळतं.

आता काकांचं सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे आणि मी ते आजवर कुणालाच दिलेलं नाही.

मी नवीन होते, दीड-दोन वर्षं झाली असतील कामाला. काका स्टेंटनंतर दीड महिन्याने आमच्या ट्रायलमध्ये आले. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेला माणूस, एक छोटी वही घेऊन यायचे, त्यात रोजच्या गोळीपुढे बरोबरची खूण, वेळ, कधी कधी बीपी. प्रत्येक व्हिजिटला आम्ही उरलेल्या गोळ्या मोजतो, म्हणजे किती घेतल्या ते कळतं. काकांचा हिशेब कधी एका गोळीनेही चुकला नाही. मी बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

तिसऱ्या व्हिजिटला ते जरा पुढे वाकून म्हणाले, "ताई, मला खरीच मिळालीय."

म्हटलं, कशावरून?

"घेतली की पोटात गरम वाटतं. साखरेनं असं होतं का कधी?"

यावर काय बोलायचं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. काका, दोन्हींपैकी काहीही असू शकतं, तुम्ही नाहीच मिळाली असं समजून चाला, आणि बाकीची औषधं अजिबात चुकवू नका. तीन वाक्यं. मला पाठ होती.

मी हसले. "चांगलंय की काका," असं म्हणाले.

का, तर त्या महिन्यात आमचे दोन पेशंट ट्रायल सोडून गेले होते, वरून विचारणा चालू होती, आणि काकांसारखा माणूस खूश आहे, टिकणार आहे, तर कशाला त्याच्या आनंदात पाणी ओता. तेव्हाच्या मला विचारलंत तर ती म्हणेल की मी खोटं काहीच बोलले नाही. खरंच आहे, बोलले नाही. त्या पोरीशी मी आजही भांडते आणि दर वेळी ती हेच म्हणते.

दोन महिन्यांनी काका इमर्जन्सीत आले. स्टेंट बंद पडला होता. वाचले, पण हृदयाचं पंपिंग ५० टक्क्यांवरून ३० वर आलं. काकूंनी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी आणली होती आणि त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी आणि स्टॅटिन, दोन्हींच्या न फोडलेल्या स्ट्रिप्स, नीट रबर लावून ठेवलेल्या. बरं वाटल्यावर काकांनी मला समजावून सांगितलं, हिशेब समजावतात तसं. नवीन औषध चालू आहे म्हणजे जुन्याचं काम तेच करत असणार, उगाच एवढ्या गोळ्यांचा किडनीवर लोड कशाला. विसरले नव्हते हो. विचार करून बंद केल्या होत्या, आणि त्या विचारातला पहिला आकडा मी दिलेला होता.

म्हणाल प्रत्येक व्हिजिटला विचारत नव्हतीस का? विचारत होते. "बाकीच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्यातला "ना" बघा. उत्तर मीच देऊन ठेवलेलं, त्यांनी फक्त मान हलवायची. ट्रायलची डबी मी एकेक गोळी मोजून घेत होते आणि ज्यांनी माणूस जगतो त्या गोळ्यांसाठी एक "ना".

असं काही झालं की चोवीस तासांच्या आत रिपोर्ट जातो, फॉर्म असतो. मी लिहिलं: "रुग्णाने नेहमीची औषधे स्वतःहून बंद केली." ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीकडे गेलं, कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. "स्वतःहून" हा शब्द माझा आहे. फॉर्ममध्ये छापलेला नव्हता.

जुनी कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट ट्रायल आहे, तिचा एक निष्कर्ष १९८० मध्ये छापून आला होता. प्लासिबोवाल्यांतच ज्यांनी गोळी नियमित घेतली, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, त्यांच्यात पाच वर्षांत १५ टक्के मृत्यू. ज्यांनी चुकवली त्यांच्यात २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं, तरी. त्याचा अर्थ असा लावतात की गोळी नेमाने घेणारा माणूसच वेगळा असतो, बाकीही सगळं नेमाने करत असतो. मी हे शिकले तेव्हा फार आवडलं होतं, वर्गात सांगायचे. आता सांगताना जीभ अडखळते, कारण आमच्या रजिस्टरप्रमाणे काका शंभर टक्के होते.

तेव्हापासून मी "चालू आहेत ना" विचारत नाही. म्हणते, घरातली सगळी औषधं घेऊन या आणि पिशवी टेबलावर ओता. काही पेशंट वैतागतात. एका डॉक्टरांनी मला सांगितलंसुद्धा की हे प्रोटोकॉलमध्ये नाही, वेळ जातो. जाऊ दे.

पण मग ट्रायलच चूक होती का? नाही, ते मी मान्य करणार नाही. तुम्ही प्लासिबोवर बोट ठेवता आणि मला दर वेळी म्हणावंसं वाटतं की बोट चुकीच्या जागी आहे, जरा इकडे सरकवा. म्हणत नाही. प्लासिबोची बाजू घेऊन भांडणं सोपं असतं, भांडणात मी बरोबर असते आणि घरी जाते.

काका फॉलोअपला येत राहिले, जिना बंद झाला होता, वही चालू होती. ट्रायल संपली, औषधाने काही फरक पडत नाही असा निकाल लागला, आणि कुणाला काय मिळालं ते सांगायची वेळ आली. काकांना प्लासिबो होता.

ऐकून ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग ते पोटात काय गरम व्हायचं हो?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. सॅमसन नावाची ट्रायल आहे, २०२० ची, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले साठ लोक, कुठल्या महिन्यात स्टॅटिन, कुठल्या महिन्यात प्लासिबो, कुठल्या महिन्यात रिकामी बाटली. स्टॅटिनवर झालेल्या त्रासातला ९० टक्के प्लासिबोवरही झाला होता. सांगता आलं असतं. मी म्हणाले, होतं काका असं कधी कधी. त्या तिसऱ्या व्हिजिटच्या हसण्याबद्दल तेव्हाही बोलले नाही, आणि अजूनही नाही.

त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि विचारलं, "प्लासिबोतली वेलांटी पहिली का दुसरी?"

पहिली, म्हटलं.