स्लॅबचा दिवस

आज पाथर्डी फाट्याच्या साइटवर पाचव्या स्लॅबचं काँक्रीट पडलं. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, पहिली गाडी उशिरा आली, मग सगळी घाई. स्लम्प घेतला (माल किती पातळ ते बघायला), ताकद तपासायचे क्यूब भरले. ते ७ आणि २८ दिवसांनी फोडायचे.

दुपारी कोपऱ्यातल्या कॉलमपाशी व्हायब्रेटरवाला माल बसवायची थरथरती नळी दोन सेकंद बुडवून पुढे सरकला. मी पंपाकडे बघत होते. हरसूलकडची एक बिगारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं माल बसला नाही. वरनं नुसता भरल्यासारखा दिसतोय." बीमच्या सळ्यांची तिथे दाटी. परत नळी घातली तर बुडबुडे येत राहिले आणि माल चांगला दोन बोटं खाली गेला. फळ्या काढल्यावर तिथे हमखास पोकळ्या दिसल्या असत्या.

तिने हे मिस्त्रीला सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो, हे तिला पक्कं माहीत.

तिच्यानंतर बिगारी म्हणून आलेली पोरं आज थापी धरतात, मिस्त्रीकाम करतात, एकाने तर स्वतःची टोळी केलीय. तिच्या डोक्यावर घमेलंच. हजेरी, म्हणजे रोजची मजुरीही, कमी आणि तीही नवऱ्याच्या हातात, कारण वहीत नाव त्याचं, पुढे 'जोडी', म्हणजे नवरा-बायको मिळून. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत नावच नाही तर दाखला कशाचा देणार?

आम्हा इंजिनिअर बायकांचं तसं बरं. शकुंतला भगत १९५३ सालीच मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअर होऊन पुढे पुलांच्या डिझाइनमध्ये नावाजल्या. महिला दिनाला आमचे फोटो निघतात (मीही हेल्मेट घालून हसते). घमेलंवाल्या बाया तेव्हा फोटोच्या मागे वाळू चाळत असतात.

संध्याकाळी ठेकेदाराला म्हटलं, तिचं नाव वेगळं लिहा. "अहो मॅडम, जोडीच आहे ना ती!" तरी लिहायला लावलं. मिस्त्रीला सांगितलं, गिलावा सुरू झाला की आतल्या खोल्यांत तिला थापी द्या. त्याने डोकं खाजवलं. "देतो की. पण हजेरी मिस्त्रीची लावायची का बिगारीची?"

मिस्त्रीची, म्हणाले मी. शेठना अजून विचारलेलं नाही. सोमवारी येतायत.