तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेरियन्स शून्य आला, आता काय?

मिक्स्ड मॉडेल (गटागटांत विभागलेल्या डेटाचं संख्याशास्त्रीय मॉडेल) चालवणारी माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तोही जरा दबक्या आवाजात: "गटांचा व्हेरियन्स शून्य आलाय. माझं काही चुकलं का?" गटांचा व्हेरियन्स म्हणजे गटागटांमध्ये किती फरक आहे याचं माप. आर भाषेतलं एलएमई-फोर हे पॅकेज वापरलं असेल तर शून्यासोबत 'सिंग्युलर फिट' (अंदाज सीमेवर टेकला आहे) अशी सूचनाही येते, म्हणजे घाबरायला आणखी एक निमित्त.

मीही घाबरलो होतो. ऑप्टिमायझर (सॉफ्टवेअरचा उत्तर शोधणारा भाग) कुठेतरी अडकला असणार असं गृहीत धरून मी तो बदलला, सुरुवातीचे आकडे बदलले, दोन दिवस घालवले. शून्य जागचं हललं नाही. हलणार कसं? गणित बरोबरच होतं.

आता तुम्ही विचारलंतच, तर एलएमई-फोरसोबत येणारा 'डायस्टफ' हा नमुन्याचा डेटा उघडा. एका रंगद्रव्याच्या 6 बॅचेस, प्रत्येकीची 5 मापं. बॅचेस अगदी सारख्या असत्या तरी त्यांच्या सरासऱ्या थोड्याफार वेगळ्या आल्याच असत्या, कारण प्रत्येक सरासरी पाचच मापांची. तेवढा फरक वजा करून जो उरतो तो बॅचचा व्हेरियन्स. बॅचेस-बॅचेसमधला मीन स्क्वेअर (फरकांच्या वर्गांची सरासरी) 11271.5, बॅचच्या आतला 2451.25, वजाबाकीला बॅचमागच्या मापांनी, म्हणजे 5 ने भागा, 1764 येतात. रेमल ही अंदाजाची पद्धत वापरून सॉफ्टवेअरही हेच देतं. साधं मॅक्सिमम लाइकलीहूड (दुसरी पद्धत) मागितलंत तर 1388 देतं, कारण बॅचेस-बॅचेसमधल्या वर्गांच्या बेरजेला ते 5 (बॅचेस वजा एक) ऐवजी 6 ने भागतं. सहाच बॅचेस असल्या की एका अंकाचा फरक एवढा महागात पडतो.

(जाता जाता: 1764 शेजारी 'स्टँडर्ड डेव्हिएशन' म्हणून 42 छापलेलं असतं. ते 1764 चं वर्गमूळ आहे, अंदाजातली चूक (स्टँडर्ड एरर) नव्हे. हा घोटाळा मी छापून आलेल्या तक्त्यांतही पाहिला आहे.)

आता शून्याकडे. वर जी वजाबाकी केली, ती उणे येऊ शकते. बॅचच्या सरासऱ्या योगायोगाने अपेक्षेपेक्षाही जवळ-जवळ पडल्या की येते. व्हेरियन्स उणे असू शकत नाही म्हणून एलएमई-फोर शून्यावर थांबतं. सॅस या सॉफ्टवेअरचं प्रोक मिक्स्डही एरवी शून्यावरच थांबतं, पण 'नोबाउंड' लिहिलंत तर उणे आकडा दाखवतं. आरमधलंच जुनं पॅकेज एनएलएमई आतून लॉगमध्ये हिशोब करतं, त्यामुळे त्याच डेटावर ते शून्याऐवजी दशांशचिन्हापुढे बरीच शून्यं असलेला एखादा चिमुकला आकडा देतं. "दोन सॉफ्टवेअरची उत्तरं जुळत नाहीत" ही तक्रार अनेकदा इथूनच निघते. तिघांचं म्हणणं एकच असतं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एलएमई-फोरमधल्याच दुसऱ्या डेटाने, 'डायस्टफ टू'ने. त्याचीही मांडणी 6 गुणिले 5, फक्त आकडे बॉक्स आणि तिआओ या संख्याशास्त्रज्ञांनी 1973 च्या पुस्तकासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेले. बॅचचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन त्यांनी 2 ठेवलं होतं, आतलं 4. म्हणजे बॅचेस वेगळ्या आहेत हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत होतं. तरी त्यावर मॉडेल चालवलं की बॅचचा व्हेरियन्स येतो शून्य! मॉडेल बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, आणि उत्तर खऱ्यापासून दूर. दोष असेलच तर सहा बॅचेसचा.

म्हणून नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नसतो, तो शून्य असो वा नसो. पहिल्या डेटातलं ते 42 घ्या, किती ठाम दिसतं. 'कॉन्फिंट' या फंक्शनने प्रोफाइल पद्धतीचा 95 टक्क्यांचा इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) काढला तर तो साधारण 12 ते 84 येतो. हा पट्टा 42 च्या दोन्ही बाजूंना सारखा नाही, म्हणून 'अधिक-उणे अमुक' असं लिहिणं इथे फसवं. एलएमई-फोर व्हेरियन्सची स्टँडर्ड एरर छापत नाही ते याच कारणाने, आणि मला ते पटतं.

व्हेरियन्स शून्य आहे का याची लाइकलीहूड रेशो चाचणी (गट धरून आणि न धरता केलेल्या मॉडेलांची तुलना) करणार असाल तर एक लक्षात घ्या: शून्य ही सीमा आहे, त्यामुळे नेहमीची काय-स्क्वेअर पी-व्हॅल्यू (फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) जास्त येते. एकाच व्हेरियन्सची चाचणी असेल तर ती निम्मी करा. दोन असतील तर इतकं सोपं नाही.

मग शून्याचं करायचं काय? गट प्रयोगाच्या रचनेतूनच आलेले असतील तर मी ते मॉडेलमध्ये ठेवतो, शून्य आलं असं सरळ लिहितो आणि शेजारी इंटरव्हलची वरची मर्यादा देतो. काहीजण गट काढून टाकतात. त्यांच्याशी मी फारसा वाद घालत नाही, पण शून्य आलं म्हणून "गटांमध्ये फरक नाही" असं लिहिलं की घालतो. आणि गट तीन-चारच असतील तर रँडम इफेक्टचा (गटांचा व्हेरियन्स काढण्याचा) हट्ट सोडून त्यांना फिक्स्ड घ्या, म्हणजे प्रत्येक गटाचा आकडा वेगळा काढा, असं सांगतो.

तेव्हा फाइल पाठवाल तेव्हा ऑप्टिमायझर कोणता ते नंतर सांगा. आधी सांगा, गट किती आहेत.