सोमवारचे बांगडे

दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार होता. दुपारी सव्वाचारला दवाखान्यासमोर एमएच बाराची गाडी कचकन थांबली आणि चालवणारा उतरायच्या आतच ओरडला, "डॉक्टर आहेत का?"

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. मी मूळचा साताऱ्याकडचा, इथे येऊन सतरा वर्षं झाली. पर्यटकांची दुखणी आता मला पाठ आहेत. स्कुबा करून कान दुखणारे, जेलीफिशने पोळलेले, अनवाणी खडकावर चढून तळपाय चिरून घेतलेले, उन्हाने चक्कर आलेले, आणि रात्रीची जास्त झालेली पण 'काल मासा बाधला' असं सांगणारे. त्यामुळे पुण्याची गाडी आणि घाबरलेला चेहरा बघून मी फारसा हललो नाही. (ओळख पटेल असे तपशील पुढे मी बदललेत. बाकी सगळं घडलं तसंच.)

आधी बायको उतरली. तिशी-पस्तिशीची असेल. कपाळापासून गळ्याखालपर्यंत कुणीतरी गुलाल चोळावा तशी लाल, डोळेसुद्धा लाल. डोकं दोन्ही कानशिलांवर ठणकतंय, छाती धडधडतेय, तोंडात आग होतेय. नाडी ११२. जेवण कधी झालं? तीनला. त्रास कधी सुरू झाला? हात धुऊन झोपाळ्यावर बसल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांत. काय खाल्लं? बांगडे. तिखलं आणि तळलेले.

घसा बघितला, ओठ बघितले, छातीला नळी लावली. सूज नाही, घरघर नाही. केसपेपरवर मी 'अ‍ॅलर्जी, मासे' असं लिहिलं आणि सलाइनची तयारी करता करता सांगूनही टाकलं, "ताई, आता मासे बंद करावे लागतील. पुढच्या वेळी याहून जोरात होऊ शकतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं माहेर अलिबागचं आहे हो," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दिराला दोघांनी धरून आत आणलं. तो तिच्याहूनही लाल. दोनदा जुलाब झालेले, उभं राहवत नव्हतं. बीपी ९४/६०, नाडी १२४. तोही बांगडे खाऊनच आलेला, त्याने तर चार खाल्लेले. दार लावून नवरा मागोमाग आला. त्याचे कान तांबडेलाल झाले होते. तो इतका चिडलेला होता की मला आधी ते रागाने झालेत असंच वाटलं.

केसपेपरचं ते पान मी फाडलं. एका घरातल्या तीन माणसांना, त्यातही दीर-भावजयीला, एकाच दुपारी एकाच ताटावर जन्मात पहिल्यांदा माशांची अ‍ॅलर्जी होईल? असा योगायोग मानायला मी काही ज्योतिषी नाही. पहिला रोगी एकटाच आला असता तर मात्र तो कागद तसाच राहिला असता, हे मला कबूल करायला हवं. आणि मागच्या सतरा वर्षांत असे किती कागद तसेच राहिले असतील, हा विचार त्या संध्याकाळी मला काही सोडेना.

आधी उपचार. दोघांनाही शिरेतून एविल, आम्लाच्या औषधांतलं एक हिस्टामिनविरोधी इंजेक्शन, दिराला सलाइन जोरात. अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये डोळ्यांसमोर ठेवलं. श्वासात जरा जरी शिट्टी वाजली असती किंवा बीपी आणखी घसरलं असतं, तर मी ते मांडीत दिलं असतं आणि निदानाची चर्चा नंतर केली असती. इथून बांबुळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर गोव्यापर्यंतचा रस्ता आहे. रोगी वाटेत बिघडणार असेल तर तो आधी इथेच सावरलेला बरा.

नवरा तोवर माझ्या टेबलापाशी उभा राहून फोनवर काहीतरी टाइप करत होता. "डॉक्टर, मला लेखी पाहिजे. फूड पॉयझनिंग. होमस्टेचं नाव घालून द्या. पाच दिवसांचे पैसे भरलेत मी, आज तिसराच दिवस. एक तारा देतो की नाही बघा."

त्याचं असं बोलणं चालू असतानाच होमस्टेवाल्या काकू आल्या, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, स्वयंपाकातल्याच साडीवर, हातात सोलकढीची बाटली. घाबरल्या होत्या. त्यांच्याकडचं जेवण मी स्वतः कितीदा जेवलोय. त्यांच्या फ्रिजरमध्ये बर्फ माशांपेक्षा जास्त असतो.

नवरा त्यांच्यावर घसरलाच. "तुम्ही स्वतः का नाही खाल्लेत? आम्हाला वाढलंत आणि तुम्ही वरणभात खात होतात. मी बघितलंय."

"आज सोमार," काकू म्हणाल्या. "आमी सोमारचे मासे खाणव नाय."

पुण्याच्या माणसाला ही सबब वाटली. इथे ती सबब नसते. सोमवारी ज्या घरात मासा शिजत नाही, तिथे पाहुण्यांसाठी रांधला तरी रांधणारी बाई चाखत नाही, मीठसुद्धा अंदाजानेच घालते. नेमकं ते न चाखणंच त्या दिवशी नडलं होतं, पण ते मला पुढे कळलं.

"तिखलं तोंडात घातल्या घातल्या जीभ चुणचुणली माझी," नवरा म्हणाला. "तेव्हाच विचारलं होतं, हे काय आहे म्हणून."

"तां तिरफळ," काकू हळूच म्हणाल्या.

आणि खरंच, तिरफळाने जीभ चुणचुणतेच. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसतील तर मालवणी माणूस ताट सारतो. ठेचलेलं तिरफळ दाढेखाली आलं की क्षणभर जीभ आपली राहत नाही. घाटावरच्यांना पहिल्यांदा ते विषासारखंच वाटतं, मलाही वाटलं होतं. त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला असता.

पण त्या नवरा-बायकोचा मुलगा होता, नऊ वर्षांचा. आजीच्या मांडीला टेकून बसला होता. आजी शाकाहारी, ठणठणीत. मुलाचे गाल किंचित लाल, बाकी बरा. त्याला बरं वाटावं म्हणून मी नळी त्याच्या कानात घातली आणि त्याचंच हृदय त्याला ऐकवलं. विचारलं, "तू किती खाल्लेस?"

"अर्धाच. तिखट होता. चावत होता जिभेला."

"तेका मसालो लावक नाय हां," काकू लगेच म्हणाल्या. "पोराचो येगळो तळलंय. मीठ, हळद नि रवो. तिरफळ नाय, मिरची नाय."

हातातलं पेन मी खाली ठेवलं. ज्या बांगड्यात मिरची नाही, तिरफळ नाही, तो जिभेला का चावेल? मिरीसारखी आग, लाल चेहरा, ठणकणारं डोकं, धडधड, जुलाब, आणि सगळं तासाभराच्या आत. पुस्तकातलं ते पान एकदम समोर आलं. बांगडा, सुरमई, टूना ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. मासा मेल्यावर गार ठेवला नाही की त्याच्यावरचे जिवाणू या हिस्टिडिनचं हिस्टामिन करत बसतात. अ‍ॅलर्जीत आपलंच शरीर जे सोडतं तेच हे हिस्टामिन, पण इथे ते ताटातून तयार होऊन येतं. म्हणून तर मी फसलो होतो. रोग्याचं अंग अ‍ॅलर्जीसारखंच वागतं, कारण रसायन तेच आहे. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. मासा दिसायला, वासाला चांगला असतानाही हे होऊ शकतं.

म्हणजे हे बांगडे कुठेतरी तासन् तास उष्म्यात पडून होते. काकूंच्या घरात? माझा विश्वास बसेना, पण विचारणं भाग होतं.

"काकू, बांगडे कधी घेतलात?"

काकू गप्प. पदराच्या टोकाशी चाळा करत त्या ताईंच्या नवऱ्याकडे बघायला लागल्या.

बोलला तो मुलगा. "काकूंचे नाहीतच ते. आमचे आहेत. मी ओढलेत."

सकाळी आठला तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. दोन्ही बाजूंनी दोर ओढून जाळं काठाला आणतात, बघे पर्यटकही हात लावतात. या पोरानेही लावला होता. जाळ्यात बांगडा फडफडत आला. बाबांनी खूश होऊन तिथल्या तिथे पिशवीभर विकत घेतला. पिशवी गाडीच्या डिकीत. मग मालवण बंदर, बोटीने सिंधुदुर्ग किल्ला, शिवराजेश्वराचं देऊळ, तटावरचे फोटो, परत येऊन काजू-कोकमाची खरेदी. गाडी तोवर बंदराच्या बाजूला उन्हात. इकडे दिवाळीनंतरही दुपारचं ऊन मागे हटलेलं नसतं, आणि काचा बंद केलेल्या गाडीत काय होतं ते एकदा स्टिअरिंगला हात लावून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. दोन वाजता पिशवी काकूंच्या हातात आली. सहा तास.

"बर्फ होतो काय, म्हणान इचारलंय मी," काकू शेवटी म्हणाल्या. "हे म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत जाळ्यातून काढलेत, याहून ताजे काय असणार. मगे मी काय बोलू? पावणे."

तो माणूस खोटं बोलला नव्हता. आठ वाजता ते मासे खरंच त्याच्या डोळ्यांदेखत जिवंत होते. पुण्यात राहणाऱ्याच्या डोक्यात ताजा मासा म्हणजे नुकता पकडलेला मासा. इथली कोळीण वेळ विचारत नाही, बर्फ विचारते. मी बाहेर जाऊन डिकी उघडायला लावली. मॅटवर पिशवीतून झिरपलेल्या पाण्याचा सुकलेला डाग होता, कडेला दोन खवले चिकटलेले. वास असा म्हणावा तर काहीच नाही, समुद्रासारखा.

त्याला मी समजावून सांगितलं, बरंच शांतपणे. त्याने मध्येच विचारलं, "मग मी पण खाल्ला, मला का नाही झालं?" मी त्याला हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभा केला. कानांची लाली एव्हाना मानेपर्यंत उतरली होती. त्याने दीडच बांगडा खाल्ला होता. शिवाय एकाच पिशवीतला प्रत्येक मासा सारखा बिघडतो असं नाही. वर असलेला, खाली दबलेला, उन्हाच्या बाजूचा, फरक पडतो. त्यालाही मी गोळी दिली. ती त्याने निमूटपणे घेतली, तेव्हा कुठे खोलीतला आवाज उतरला.

साडेसहापर्यंत बायकोचा चेहरा निवळला. गुलाल उतरत जावा तसा आधी कपाळ, मग गाल, गळा सगळ्यात शेवटी. तिने पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याकडे न बघता. "मग माझे मासे बंद नाहीत?"

"नाहीत. मघाशी मी चुकीचं सांगितलं. उद्या सोडून परवा खा. बर्फातला खा."

ती हसली आणि तिला पुन्हा रडू आलं. आता डोकेदुखीने असेल.

दिराला रात्रभर दवाखान्यातच ठेवलं. बीपी नऊ वाजता ११०/७० आलं, तेव्हा मी ट्रेमधली ती भरलेली सिरिंज काढून टाकली. आजी त्याच्या उशाशी बसून होत्या. मला म्हणाल्या, "मी आधीपासूनच म्हणते, वरणभात खावा माणसाने." त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

लेखी पाहिजे होतं म्हणून मी लेखी दिलं. निदान: माशातील हिस्टामिनची विषबाधा. कारण: बांगडे, सकाळी ८ ते दुपारी २, बर्फाविना, बंद गाडीत. नवऱ्याने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. एका ताऱ्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडळी पुण्याला निघाली, दोन दिवस आधीच. त्सुनामी आयलंडची बोट, संगमावरचं डॉल्फिन, सगळं राहिलं. मुलगा गाडीच्या काचेतून मला हात दाखवत होता. दोराने तळव्यावर उठलेली लाल रेघ त्याला दाखवायची होती.

संध्याकाळी काकू आल्या. उरलेल्या दोन दिवसांचे पैसे त्यांनी परत केले होते. मी चिडलो. चूक तुमची नाही, मग कशाला?

"ऱ्हवले नाय ते दोन दिस. मगे पैशे कसले?" त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. फ्रीजमध्ये त्या पिशवीतले सात बांगडे अजून मसाला लावून तसेच होते. मांजराला घालू का?

"अजिबात नको. खड्डा काढून पुरा."

"माडाच्या मुळात घालतंय तर." इकडे माशाचं खत माडाला घालायची जुनी रीत आहे. दाराशी जाऊन त्या परत वळल्या, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. "डाक्टरांनू, माडाक काय होवचा नाय मा?"

काही होणार नाही म्हणून मी त्यांना ठामपणे सांगितलं. येता-जाता त्या माडाकडे मात्र मी अजून बघतो.