उस्मानाबादी कळप: यंदाच्या वेतांची नोंद आणि तिळ्यांचा प्रश्न

यंदाची वेतं उरकली. शेवटची शेळी संक्रांतीनंतर व्याली. तिचीही करडं आता तीन महिन्यांची झाली आणि त्यांची वजनं वहीत चढली. मागच्या नोंदीनंतर अनेकांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. बोकड बदलल्याचा फरक दिसला का? आणि तिळी देणाऱ्या काजळी नावाच्या शेळीच्या पाटी (तरुण माद्या) पैदाशीला ठेवणार का? पहिल्याचं उत्तर लवकर संपेल, दुसऱ्याला जागा लागेल.

वाशी तालुक्यातून आणलेला काळा बोकड आमच्या कळपाच्या नात्यातला नाही, हेच त्याचं मोल. त्याच्या जुळ्या करडांची वजनं तीन महिन्यांत साडेदहा-अकरा किलोपर्यंत गेली. जुन्या बोकडाची जुळी नऊच्या आसपास थांबायची. पण सगळं श्रेय बोकडाला देऊ नका. यंदा बांधावरची शेवरी आणि सुबाभूळ उन्हाळा लागेपर्यंत हिरवी होती, बाभळीच्या शेंगाही भरपूर पडल्या. दुष्काळी वर्षातली वजनं हाती आल्याशिवाय मी या बोकडाला चांगला म्हणणार नाही.

जुना बोकड चांगला असूनही काढला, कारण त्याच्या लेकी माजावर यायला लागल्या होत्या. बाप-लेकीच्या मेळातून झालेल्या करडात अंतःप्रजननाचा गुणांक (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं माप) 25 टक्के येतो, सावत्र भावंडांच्या मेळातून साडेबारा. पहिल्या पिढीत डोळ्यांना फारसं काही दिसत नाही. नंतर कमी वजनाची करडं, गाभण न राहता उलटणाऱ्या शेळ्या असं हळूहळू सुरू होतं. आपल्याकडे एक नावाजलेला बोकड पंचक्रोशीतल्या सगळ्या शेळ्यांना लावतात, म्हणून हे लिहितोय. अमेरिकेत 1962 साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूच्या सोळा हजारांवर लेकी झाल्या. दूध वाढलं, पैसाही आला. पण त्याच्या रक्तात एक दोष लपलेला होता. तो दोन्ही बाजूंनी आला की गर्भ पोटातच मरतो. त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. दोष कळेपर्यंत वळूचं रक्त सगळीकडे पोचलं होतं.

आता काजळी. तिने यंदा परत तिळी दिली. बघायला आलेल्या प्रत्येकाने तिचीच पाट मागितली. एक पाहुणे तर विसार द्यायला तयार होते, "सर, असली जात इकायची नसती, वाढवायची असती." मला त्यांचं पटत नाही.

तिच्या तीन करडांची जन्मवजनं अशी होती: 2.1, 1.9 आणि 1.3 किलो. ताणकाट्याला फडक्याची झोळी बांधून तिसरं ठेवलं, तर काटा हलला की नाही तेच कळेना. त्याचे खूर अजून पिवळट आणि मऊ होते, मान धरवत नव्हती. मोठी दोन्ही सडांना लागली की हे मागून डोकं घुसवायचं आणि ढुशी खाऊन पडायचं. चीक बाटलीने पाजला, रात्री पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. जगलं ते, पण तीन महिन्यांनी अजून सहा किलोलाच आहे. आणि आई? व्यायच्या आधीचे पंधरा दिवस काजळी गव्हाणीपाशी उभी असायची आणि खायची नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पिल्लं झपाट्याने वाढतात आणि पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही. मग शेळी स्वतःच्या अंगावरची चरबी जाळते. ती फार जळली की विषबाधा होऊन शेळी बसते, आणि बसलेली शेळी उठेलच याचा भरवसा नसतो. माझ्या घरी मक्याचा भरडा होता म्हणून काजळी तरली. कोरडवाहू घरात, तुरीच्या भुसकटावर, ती तरली नसती.

आमच्या आईने हा वाद एका वाक्यात मिटवला होता. "शेळीला सड किती? दोनच ना?"

म्हणून माझा निर्णय असा आहे: काजळीच्या पाटी पैदाशीला राहणार नाहीत. जुळी देऊन दोन्ही नीट वाढवणाऱ्या ठिपकी नावाच्या शेळीच्या राहतील. तसंही वेताला किती करडं, हा गुण आईकडून लेकीत फार थोडा उतरतो, दहा टक्क्यांच्या आसपास. एका तिळ्या वेतावर भाळून पाट विकत घेणारा बहुतेक वेळा नुसती किंमत मोजून येतो. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. तिथे एकाच जनुकाने जुळ्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून ते जमलं. दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते, त्यामुळे त्या वाढीला जागाही होती. आपली उस्मानाबादी मुळातच जुळ्यांची जात आहे. तिला आणखी पुढे ढकललं तर फायदा मालकाचा होतो, आणि किंमत ते तिसरं करडू मोजतं. ते बोलत नाही म्हणून हा हिशेब आपणच मांडायला हवा.

भुंड्या शेळ्यांबद्दलही एकदा लिहायचंच होतं. बिनशिंगी जनावर सांभाळायला सोपं, गोठ्यात मारामारी नाही, म्हणून काही जण भुंडी शेळी आणि भुंडा बोकड मुद्दाम जमवतात. असं करू नका. शिंगं नसणं आणि नर-मादी अशी मिश्र लक्षणं येणं यांचा संबंध असावा, असं संशोधक अ‍ॅस्डेल यांनी 1944 सालीच मांडलं होतं. 2001 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना त्यामागचा गुणसूत्राचा गळालेला तुकडा सापडला. तो आई आणि बाप दोघांकडून आला की जी पाट व्हायची ती वांझ, अर्धवट नरासारखी होते. तुम्ही तिला वर्षभर पाट म्हणून वाढवता, ती माजावरच येत नाही, मान आणि डोकं बोकडासारखं भरत जातं. शेवटी मालक बोकडाला नाहीतर करणीला दोष देतो. एक जनावर शिंगाचं असलं की हा धोका टळतो. माझा नियम साधा आहे: शेळ्या भुंड्या चालतील, पैदाशीचा बोकड शिंगाचाच.

निवडीची वहीही यंदा बदलली. माळेगावच्या जत्रेत जनावरांची प्रदर्शनं बघितली की रंग, कान, उंची यांवर डोळा जातो, आणि तो आनंद मीही घेतो. पण आपण जे मोजतो तेच पिढ्यांमागून वाढत जातं आणि न मोजलेलं गुपचूप गळतं. म्हणून आता प्रत्येक शेळीचं वजन होळीला आणि परत मृगाच्या तोंडावर घेतो. उन्हाळ्यात जिची घट कमी, ती वर. दोन्ही करडांना स्वतःहून पाजते का, याला वेगळा रकाना आहे. काळा रंग शेवटच्या रकान्यात गेलाय. बोअर या परदेशी मांसल जातीचं रक्त घालून वजन वाढवायचं का, असं विचारणाऱ्यांना इतकंच सांगतो की बोअरचं करडू मोठं होतं ते खुराकावर. मे महिन्यात माळावर बोरीचा पाला ओरबाडून जगायची ताकद मला आधी हवी आहे.

न निवडलेले बोकड खाटकाकडे जातात. हे मी लपवत नाही. निवड करतो म्हणजे कोण राहणार आणि कोण जाणार हे मी ठरवतो. म्हणून विकायच्या करडांनाही पोटभर दूध आणि वेळेवर लसी, यात काटकसर करत नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत या बोकडाच्या पाटी वयात येतील, तेव्हा तिसऱ्या रक्ताचा बोकड लागेल. भूम-परंड्याकडे किंवा लातूर भागात कुणाकडे जुळ्यांतला, शिंगाचा, आईच्या निदान दोन वेतांची नोंद असलेला बोकड असेल तर कळवा. रंग कुठलाही चालेल. आईचं उन्हाळ्यातलं वजन लिहिलेलं असेल तर ते आधी पाठवा. बदल्यात ठिपकीचा या वेताचा बोकड देईन, त्याची सगळी वही सोबत.