पोर्ट्समथला विद्यार्थ्यांची गस्ती नौका बघायला जाताय?

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पोर्ट्समथ हार्बरला जायला दीड-पावणेदोन तास लागतात. शेवटचं स्टेशन पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभं आहे, त्यामुळे गाडीतून उतरलं की समोर बंदरच. भाचा साउदॅम्प्टनला इंजिनिअरिंग करतो आणि तिथल्या युनिव्हर्सिटी रॉयल नेव्हल युनिटमध्ये, म्हणजे विद्यापीठातल्या मुलांना ब्रिटिश नौदलाचं प्रशिक्षण देणाऱ्या तुकडीत आहे. त्यांच्या बोटीवर एके दिवशी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून हा दौरा. नावं आधी कळवलेली होती, तरी नौदल तळाच्या गेटवर पासपोर्ट काढावाच लागला. तो वरच्या खिशात ठेवा.

'युद्धनौका' असं डोक्यात धरून गेलात तर पहिल्यांदा हिरमोड होईल. याच बंदरात 280 मीटर लांबीच्या विमानवाहू नौका राहतात आणि आपली आर्चर वर्गातली बोट जेमतेम 20 मीटर. वजन 54 टन, सांगाडा फायबरग्लासचा. लांबून एखाद्या श्रीमंताची मोटरबोट राखाडी रंगवल्यासारखी दिसते. 1980च्या दशकात या बोटी यायला लागल्या. ट्रॅकर आणि रेडर या दोन मात्र 1998च्या. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी त्याही आधी, 1967 साली ॲबर्डीनला निघाली होती.

बोट तरंगत्या धक्क्याला लागते. ओहोटी असेल तर त्या धक्क्यावर उतरणारा पूल चांगलाच खडा होतो आणि ओला असला तर पाय सरकतो. सोबत आजी-आजोबा असतील तर भरतीची वेळ बघून जा. रबरी तळव्याचे सपाट बूट घाला, साडी नेसून येण्याचा विचार सोडा. आत सगळ्या शिड्या. "मामा, शिडीकडे तोंड करून उतर," असं भाच्याने बजावलं आणि स्वतः हात न लावता खाली गेला!

स्वयंपाकाची जागा म्हणजे एका माणसाला वळता येईल एवढी. जेवणाच्या टेबलावरच नकाशे पसरतात, तिथेच अभ्यास. भाच्याने त्याचा नकाशा दाखवला: पेन्सिलीच्या रेघा, खोडून पुन्हा मारलेल्या, कडेला वेळा लिहिलेल्या. जवळच्या आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाकडे, हर्स्टच्या चिंचोळ्या वाटेत उधाणाच्या दिवसांत प्रवाह 4 नॉटच्या (ताशी सुमारे 7 किलोमीटरच्या) वर जातो. तिथे कधी पोचायचं हे ठरवूनच निघण्याची वेळ मागे मोजत यायची. हे गणित आदल्या रात्री विद्यार्थ्याने करायचं आणि सकाळी कॅप्टनसमोर मांडायचं. कॅप्टन तरी कोण, तर लेफ्टनंट हुद्द्याचा तरुण अधिकारी. मग सुकाणू धरणं, टेहळणी, दोर टाकणं, भांडी घासणं हे सगळ्यांच्या वाट्याला. मोठ्या जहाजावर नवशिक्याला कोपऱ्यात उभं करून ठेवता येतं. इथे कोपराच नाही. मी एनसीसीच्या नौदल शाखेत व्हेलर नावाची वल्ह्यांची होडी वल्हवली आहे, हाताला फोड येईपर्यंत. पण मार्ग आखायला कुणी दिला नव्हता, याचा थोडा हेवा वाटला.

ही बोट लाटेत फार डोलते, हे तिथला प्रत्येक जण हसत हसत सांगतो. ज्यांना बोट लागते त्यांनी, समुद्रात जाण्याचं आमंत्रण असेल तर, गोळी निघण्याआधीच घ्यावी. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. आत बसण्यापेक्षा वर उघड्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघावं. आलेपाक न्यायला हरकत नाही, आमचा तर मुलांनीच संपवला. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.

ज्यांची मुलं तिकडे शिकायला जाणार आहेत त्यांच्यासाठी: या तुकडीत गेल्यावर पुढे नौदलात जाण्याचं बंधन नसतं आणि प्रशिक्षणाचे थोडे पैसेही मिळतात. भरती साधारण कॉलेज सुरू होतानाच होते, त्यामुळे पहिल्या महिन्यातच चौकशी करावी. भारतीय पासपोर्ट असेल तर नागरिकत्वाची अट सर्वात आधी वाचा.

आमंत्रण नसेल तरी काही बिघडत नाही. ओल्ड पोर्ट्समथमध्ये राउंड टॉवरवर फुकट चढता येतं. बंदराचं तोंड तिथे इतकं अरुंद आहे की येणारी-जाणारी बोट अगदी पायाशी दिसते. वारा बोचरा असतो, जाकीट हवंच. हिस्टॉरिक डॉकयार्डमधून बंदरात फेरी मारणारी बोटही नौदलाच्या धक्क्यांजवळून नेते. पलीकडे गॉस्पोर्टच्या एक्सप्लोजन संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली टॉर्पेडो बोट एमटीबी 71 ठेवली आहे. आजच्या या बोटींचं खानदान कळायला ती बघावीच. तिथे जायला स्टेशनशेजारून गॉस्पोर्टची फेरीबोट मिळते, पण उतरल्यावर थोडं चालावं लागतं आणि संग्रहालय रोज उघडं असेलच असं धरू नका.