तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नेब्रास्कात बघण्यासारखं काय आहे?’

अमेरिकेला यायचं तिकीट काढलं की नातेवाईक फोन करतात आणि पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तो कुणी विचारत नाही, आम्हा नेब्रास्कात राहणाऱ्यांना हटकून विचारतात. जे एकदा इथून गाडीनं गेलेत ते तर विचारतही नाहीत, सांगतातच: ‘ऐंशी नंबरच्या हायवेवर सव्वासातशे किलोमीटर नुसता मका आणि सोयाबीन, मध्ये एक टेकडी नाही.’ मग मी इथल्या जुन्या फोटोंबद्दल बोलू लागले की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पण त्या लोकांच्या आजोबा-पणजोबांशी तुझा काय संबंध?’

दोन्हींचं उत्तर आज सविस्तर देते.

आपल्याला इतिहास म्हटलं की दगड लागतो. किल्ला, वाडा, बारव, निदान एखादा वीरगळ तरी. इथे दगड नव्हता, लाकूडही नव्हतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची. अर्जाची फी साधारण १८ डॉलर आणि अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. माणसं आली, पण घर कशाचं बांधणार? मग त्यांनी जमीनच कापली. प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या गवताळ माळाच्या, गवताची मुळं इतकी दाट असतात की खास नांगरानं मातीच्या लांब पट्ट्या सोलून निघतात. त्यांचे दोन-अडीच फुटांचे तुकडे करायचे, गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंती दोन-दोन फूट जाड, म्हणून उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. छपरावरही तीच माती. पाऊस थांबला तरी घरात चिखलाचं पाणी ठिबकत राहायचं. आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधायचे, म्हणजे ताटात माती पडायची नाही, आणि कधीमधी सापही नाही. या घरांना ‘सॉडी’ म्हणतात. जळणाला लाकूड नाही, म्हणून माळावरच्या वाळलेल्या शेण्या गोळा करायच्या, आधी रानगव्यांच्या म्हणजे बायसनच्या आणि मग गाईगुरांच्या. आमच्याकडे आलेल्या विदर्भातल्या आत्याबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी लगेच विचारलं, ‘पावसाळ्याच्या रानशेण्या ठेवत कुठे होत्या?’

ही घरं मातीची होती आणि मातीत गेली. म्हणून हायवेवरून काही दिसत नाही. जे उरलंय ते काचेवर उरलंय, आणि त्याचं श्रेय सॉलोमन बुचर नावाच्या माणसाला आहे.

बुचर १८८० मध्ये वडिलांबरोबर नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आला. शेतीत त्याचं मन लागलं नाही, डॉक्टरकी शिकायला गेला तेही अर्धवट राहिलं. १८८६ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की या काउंटीचा इतिहास फोटोंतून लिहायचा. आजूबाजूचे लोक अजून पहिलं पीक काढायच्या धडपडीत होते, आणि हा त्यांना सांगत होता की तुम्ही इतिहास आहात! घोडागाडीत कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा भरून तो घरोघर फिरला. १८९९ मध्ये त्याचं घर जळालं. लोकांच्या लिहून घेतलेल्या हकिकती गेल्या, पण काचेच्या निगेटिव्ह घरात नव्हत्या म्हणून वाचल्या. त्यानं हकिकती पुन्हा गोळा केल्या आणि १९०१ मध्ये पुस्तक काढलं. पुढे हा सगळा संग्रह राज्याच्या इतिहास संस्थेनं घेतला, त्याचे त्याच्या हातात ६०० डॉलर पडले. १९२७ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या कामाची किंमत फार थोड्यांना कळली होती. त्याच्या तीन हजारांवर प्लेटा आज राज्याच्या राजधानीत, लिंकनला आहेत, आणि इंटरनेटवर कुणालाही बघता येतात.

यातला एक फोटो मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते. हिल्टन कुटुंब, मोकळं अंगण, आणि अंगणाच्या मधोमध एक पायपेटी. म्हणजे पायानं भाता मारून वाजवायचा ऑर्गन. हिल्टनबाईंना पूर्वेकडच्या नातलगांना ऑर्गन दाखवायचा होता, पण आपण अजून मातीच्या घरात राहतो हे दाखवायचं नव्हतं. म्हणून ते जड धूड बाहेर काढलं, फोटो घेतला आणि परत आत नेलं. घर फोटोत नाहीच. सगळे रविवारच्या कपड्यांत, चेहरे गंभीर. अमेरिकेत येऊन पहिल्या वर्षी ज्यांनी गावाकडे फोटो पाठवलेत, त्यांना या बाई अनोळखी वाटणार नाहीत. मला तर त्या फार जवळच्या वाटतात.

दुसरा रॉडिंग कुटुंबाचा, १८८६ चा. टेकडीच्या पोटात खोदलेल्या घरापुढे टेबल मांडलंय, त्यावर कापलेलं कलिंगड, आणि मागे गाय थेट छपरावर उभी असल्यासारखी दिसते. तिसरा चार क्रिसमन बहिणींचा. एकट्या बाईलाही स्वतःच्या नावावर होमस्टेड घेता यायचं, म्हणून थोरल्या बहिणींनी जमिनी घेतल्या आणि आळीपाळीनं एकमेकींकडे राहिल्या, म्हणजे राहण्याची अटही पुरी आणि माळावर एकटं राहणंही टळलं. धाकटी सज्ञान होईपर्यंत जवळपासची जमीन संपली होती. जेरी शोर्स यांचं कुटुंबही याच संग्रहात आहे. शोर्स गुलामगिरीतून सुटून आलेले. १८८७ मध्ये त्यांचं कुटुंब स्वतःच्या सॉडीसमोर ताठ बसलंय. तो फोटो घाईत बघू नका.

पण नुसत्या फोटोंवर विसंबून चालत नाही. फोटोसाठी सगळ्यांनी चांगले कपडे घातलेत. कुंपणाच्या तारा कापणाऱ्या बुरखाधारी शेतकऱ्यांचा बुचरचा गाजलेला फोटो तर उभा करून घेतलेला आहे. जे फोटोत मावलं नाही ते लोकांच्या तोंडी राहिलं. म्हणून मी म्हणींना फोटोइतकाच मान देते. होमस्टेडबद्दल लोक म्हणायचे, ‘सरकार १६० एकरांची पैज लावतं, की पाच वर्षांच्या आत तू उपाशी मरशील.’ ही म्हण हिल्टनबाईंच्या फोटोशेजारी ठेवून बघा, म्हणजे तो ऑर्गन केवढ्या मोलाचा होता ते कळतं.

सगळ्या म्हणी शहाण्या नव्हत्या. ‘नांगरामागून पाऊस येतो’ ही १८८१ मध्ये चार्ल्स डेना विल्बर नावाच्या नेब्रास्कातल्या एका लेखकानं पसरवली. जमीन नांगरली की ओल वाढते आणि हवामानच बदलतं, असा तो सिद्धान्त. त्याला विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या अभ्यासाचाही आधार होता, आणि रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्याच होत्या. त्या दशकात पाऊस चांगला झाला म्हणून लोकांना ते पटलं. १८९० पासून दुष्काळ सुरू झाले, १८९४ चा तर भयंकर. तेव्हा शेजारच्या कॅन्ससमधून पूर्वेकडे परत निघालेल्या घोडागाड्यांच्या कापडावर लिहिलेलं असायचं, ‘देवावर भरवसा ठेवला, कॅन्ससमध्ये बुडालो.’ जे राहिले ते आपल्या भागाला ‘पुढच्या वर्षीचा मुलूख’ म्हणू लागले. यंदा नाही पिकलं, पुढच्या वर्षी पिकेल. मराठवाड्यातल्या माझ्या मामांनी कस्टर काउंटीतल्या ब्रोकन बो गावच्या संग्रहालयात हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक फोटो निरखत विचारू लागले, ‘विहीर कुठाय?’ अगदी योग्य प्रश्न होता. तिथल्या पठारावर पाणी इतकं खोल की कित्येक घरांना विहीर नव्हतीच. मैलोन्‌मैल पिंपं भरून पाणी आणावं लागे. बायकांचे निम्मे दिवस त्यातच जात असणार.

आणि जे ना या फोटोंत आहे ना या म्हणींत, त्याबद्दल बोललं नाही तर हा वारसा साजरा करणं खोटं ठरेल. लूप नदीच्या या खोऱ्यात पॉनी नावाच्या आदिवासी जमातीचे लोक राहत होते, मका पिकवत होते, माळावर शिकारीला जात होते. १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कस्टर काउंटी स्थापन झाली १८७७ मध्ये. ‘रिकामी’ जमीन अशी रिकामी झाली होती. उत्तरेकडच्या प्रेअरीत एक गोष्ट सांगतात: शेतकरी नांगरत असतो, एक आदिवासी म्हातारा येतो, उलटलेलं ढेकूळ हातात घेऊन निरखतो, पुन्हा गवत वर करून ठेवतो आणि म्हणतो, ‘वरची बाजू खाली गेली.’ शेतकरी हसले होते. १९३० च्या दशकात धुळीची वादळं आली तेव्हा तीच गोष्ट लोक गंभीरपणे सांगू लागले.

ती वरची बाजू अजून पाहता येते. लिंकनजवळ नाइन-माइल प्रेअरी म्हणून साधारण २३० एकरांचा तुकडा आहे, तो कधीच नांगरला गेला नाही. जॉन वीव्हर नावाच्या प्राध्यापकांनी गेल्या शतकात इथल्या गवतांचा अभ्यास केला. ते चर खणून मुळं मोकळी करायचे आणि त्यांची चित्रं काढायचे. बिग ब्लूस्टेम गवताची मुळं सात-आठ फूट खाली जातात. सॉडीच्या भिंती कशानं धरून राहायच्या, ते ती चित्रं पाहिली की समजतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझा काय संबंध. माझी मुलं या मातीतला मका खाऊन वाढली. शाळेत कुणी विचारलं की तुम्ही कुठले, तर ती नेब्रास्का सांगतात. मग इथे कोण राहत होतं, कुणी घर बांधलं, कुणाला जावं लागलं, हे त्यांच्या आईला ठाऊक नको? जी माणसं इथे जन्मली त्यांच्यातही हे सांगणारे थोडेच उरलेत. संग्रहालयांत बसणारे स्वयंसेवक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. आपण विचारलं की त्यांचा चेहरा उजळतो, आणि मग कपाटातले खोके बाहेर येतात.

म्हणून तिकीट काढणार असाल तर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात काढा, तेव्हा ब्लूस्टेम तांबूस होतं आणि माणसापेक्षा उंच असतं. येण्याआधी बुचरचे निदान वीस-पंचवीस फोटो बघून या. आल्यावर लिंकन, मग बिअॅट्रिसजवळचं होमस्टेडचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, मग ब्रोकन बो, असं नेईन. वाटेत कर्नीला थांबू. ओक्लाहोमात नीट न धरणारं पॉनींचं मक्याचं बियाणं या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथल्या बागायतदारांच्या हाती दिलं, आणि जुन्या मातीत ते पुन्हा भरघोस आलं. त्याची कणसं अजून निघतात. मामांना त्यातलं निळं कणीस हातात घेऊन बघायचं राहून गेलं; पुढच्या खेपेला ते आधी तिथेच जायचं म्हणतात.