सरांच्या माळ्यावरची खोकी

विद्यापीठात कॉम्प्युटर आणणाऱ्या पिढीतले प्राध्यापक गेले, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा विद्यापीठाच्या अंगाच्या कुठल्यातरी घरात माळ्यावरून खोकी खाली येतात. पंच कार्डं (भोकं पाडून त्यांत प्रोग्रॅम आणि आकडे साठवायचे ती जाड कागदाची कार्डं), लांबच लांब प्रिंटआउट, फ्लॉप्या. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, त्यांना सवड तेराव्यापर्यंतची, आणि रद्दीवाला ठरलेला.

खोकी उघडल्यावर ‘ऑफिसचं’ आणि ‘घरचं’ असे दोन ढीग करण्याचा मोह होतो. तो आवरा. या माणसांचं घर आणि काम एकाच कागदावर चालायचं. बाद कार्डाच्या पाठीवर किराण्याची यादी, प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूला मुलांची गणितं, निकालाच्या फ्लॉपीवरच मुंजीच्या आमंत्रणाचे पत्ते. यादीचं कार्ड गठ्ठ्यातून काढलं, तर ती कोणत्या प्रोग्रॅमच्या दिवसांत लिहिली हे कायमचं गेलं. आधी प्रत्येक खोक्याला नंबर घाला, आहे त्या मांडणीचा फोटो काढा, मगच हात लावा.

हे काम जुलैत काढू नका. कोल्हापूरच्या पावसात कार्ड हवेतली ओल पिऊन फुगतं, वाकतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. थांबता येत नसेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा. गच्चीवर उन्हात पापडासारखं वाळत घालायचं नाही, कार्डं वळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे कार्डांच्या विटा झालेल्या दिसतील. सुकून घट्ट चिकटलेला गठ्ठा चाकूने सोडवू नका. पुन्हा कधी ओला गठ्ठा हाती आलाच, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि विचाराला वेळ मिळतो.

आता कार्डं. नेहमीचं कार्ड १८७ × ८३ मिलिमीटरचं, ८० स्तंभ, १२ ओळी, एका खोक्यात साधारण २,०००. जुनं रबर ओढू नका, वितळून कडेला चिकटलेलं असतं. कात्रीने कापा, गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये धरूनच. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिरकी शाईची रेघ दिसली तर ती खूण जपा. गठ्ठा हातातून सुटला तर क्रम लावायला तीच ओढलेली असते. रेघ नसेल तर ७३ ते ८० हे स्तंभ पाहा. फोर्ट्रान ही प्रोग्रॅमची जुनी भाषा ते वाचत नाही, म्हणून तिथे अनुक्रमांक घालायची पद्धत होती. अर्थात कंटाळा सगळ्यांनाच असतो, बऱ्याच गठ्ठ्यांत ते कोरेच सापडतात.

वाचायला मशीन लागत नाही. वरून पहिली ओळ १२, दुसरी ११, मग ० ते ९. ए ते आय म्हणजे १२ च्या जोडीला १ ते ९; जे ते आर म्हणजे ११ च्या जोडीला १ ते ९; एस ते झेड म्हणजे ० च्या जोडीला २ ते ९. सातव्या स्तंभापासून ११-९, १२-५, १२-१, १२-४ अशी भोकं असतील तर तिथे ‘रीड’ ही आज्ञा आहे. फसगत होते ती चिन्हांत. आयबीएमच्या ०२६ या भोकं पाडायच्या यंत्रावर फोर्ट्रानचं बरोबरीचं चिन्ह ८-३ होतं, नंतरच्या ०२९ वर ते ८-६ झालं. पाच-सहा ओळी लावून पाहिल्या की कोणतं ते कळतं. चाळणीसारखी दाट भोकं असलेलं कार्ड मात्र वाचत बसू नका. तो बहुधा मशीनच्या भाषेतला तयार प्रोग्रॅम, नुसता स्कॅन करून ठेवा. स्कॅनरच्या झाकणाला आतून काळा कागद लावा, म्हणजे भोकं ठळक येतात. पाठ लिहिलेली असेल तर तीही स्कॅन करा.

मॅग्नेटिक टेपचं चाक मिळालं तर ते फिरवून बघू नका. जाणकाराकडे द्या.

फ्लॉपीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगेच ड्राइव्हमध्ये घालणं. आधी खिडकीतून चकती पाहा. करडे गोल डाग म्हणजे बुरशी, ती वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. सव्वापाच इंचीची वरची कड कापून चकती काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसा, पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ जुन्या वेष्टनात घालून वाचा. लिहिणं बंद करायची खूण दोन्हींत उलटी आहे: सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकायची, साडेतीन इंचीचं भोक उघडं ठेवायचं. बाजारातला यूएसबी ड्राइव्ह साडेतीनचाच असतो. मोठीला जुना ड्राइव्ह, १२ आणि ५ व्होल्टचा पुरवठा आणि तो ड्राइव्ह यूएसबीला जोडणारं ग्रीझवीझलसारखं कार्ड लागतं. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हवर वाचायला चालते, तिच्यावर लिहायचं मात्र नाही. आधी संपूर्ण चकतीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी एका फाइलीत नक्कल, घ्या, फाइली नंतर त्या प्रतिमेतून काढा.

वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या इंग्रजी फाइलीत शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र दिसतात, कारण तिथे अक्षराच्या आठ बिटांपैकी (० किंवा १ च्या खुणांपैकी) आठवा बिट चढवलेला असतो. तो उतरवला की मजकूर सरळ होतो. पण हाच उपाय मराठी फाइलीवर केलात तर संपलं. सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (कॉम्प्युटरमध्ये बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) लिहिलेली मराठी इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असते आणि इस्कीची देवनागरी पूर्ण त्या आठव्या बिटावरच उभी आहे. ‘क’ चा नुसता ३ होतो. त्यामुळे प्रयोग नेहमी प्रतीवर करायचे.

डीबेस या जुन्या तक्त्यांच्या (डेटाबेस) प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात. सोबत त्याच नावाची डीबीटी असेल तर ती त्याच फोल्डरमध्ये राहू द्या, लांब टिपणं तिच्यात असतात. आणि त्या तक्त्यात विद्यार्थ्यांची नावं-गुण निघाले, तर ‘बघा कोण नापास झालं होतं’ म्हणून व्हॉट्सॲपवर टाकू नका. सरांनी टाकलं नसतं.